भरलेल्या टाकीचा काटा

माझ्या मोटारीत ड्रायव्हरसमोरच्या लाकडी फळीवर चार तबकड्या होत्या आणि चारही खोटे सांगत. मोटार एका निवृत्त अंमलदाराकडून घेतली तेव्हाच ती जुनी होती. बंदरावर माझी अडत, आंब्याच्या दिवसांत बागा हिंडायच्या, म्हणून घेतली. वेगाचा काटा गाडी उभी असतानाही बारा मैलांवर असे. तेलाच्या दाबाची काच इतकी धुरकटलेली की आत काटा आहे हे मानून चालायचे. विजेचा काटा सारखा थरथरे. या तिघांशी मी जमवून घेतले होते. वेगातून बारा वजा केले की उत्तर बरोबर येई. खोटे एकाच मापाचे असले तर त्याचा हिशेब लावता येतो.

चौथा काटा पेट्रोलचा. तो एके काळी खरा होता. चैत्रात टाकीत गाळ साचला म्हणून मी ती उतरवून धुतली, ओटीवर वाळत ठेवली आणि पुन्हा बसवली. तेव्हापासून काटा ‘भरली’ या रेघेच्याही जरा पलीकडे जाऊन बसला. गाडी कितीही पळवा, टाकी भरलेलीच. मी आठवडाभर आनंदात होतो. मग पालीच्या अलीकडे, माथ्यावर ऊन असताना, भरलेल्या टाकीनिशी गाडी बंद पडली. शेजारी बायको होती. ती काट्याकडे पाहत म्हणाली, “भरलीय म्हणतोय. ह्याच्याशी भांडायला तुम्ही बसा, मी सावलीत बसते.”

त्यानंतर मी काट्याकडे पाहणे सोडले आणि किती घातले, किती पळालो हे ध्यानात ठेवू लागलो. पण वैशाखात मेहुणा गाडी दोन दिवस मागून घेऊन गेला. कुठे कुठे फिरला ते त्याने रंगवून सांगितले, किती फिरला ते त्याला सांगता येईना. म्हणजे टाकीत काय उरले ते आता कोणालाच ठाऊक नव्हते.

आणि नेमकी तेव्हाच राजापूरहून बातमी आली, की गंगा आली.

राजापूरची गंगा म्हणजे डोंगराच्या कुशीतला झरा. वर्षानुवर्षे कोरडा असतो, मग एके दिवशी न सांगता वाहू लागतो, चौदा कुंडे भरतो आणि तसाच न सांगता जातो. माझ्या आत्याच्या आयुष्यात ती कितीदा तरी आली होती, पण आत्याचे स्नान काही झाले नव्हते. एकदा लांज्याजवळ बैलगाडीचा कणा मोडला. एकदा ती पोचली त्या दिवशी सकाळीच गंगा गेली होती. एकदा निघायच्या दिवशी घरात सोयर आले. ते माझ्या जन्माचे, आणि ही गोष्ट ती मला अधूनमधून ऐकवी. लहानपणी विधवा होऊन ती आमच्याकडे आली, आम्हा सगळ्यांना तिने वाढवले. आता पंचाहत्तरी उलटलेली होती.

बातमी कळताच तिने तांब्या घासला, सोवळ्याचे लुगडे बांधले आणि ओटीवर येऊन बसली.

“चल, काढ गाडी.”

मी पेट्रोलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रिकाम्या डब्यांची रास दाखवली. गंगेच्या निमित्ताने उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी राजापूरला फेऱ्या मारत होत्या, त्यांनी होते नव्हते ते उचलले होते. त्या मोटारींत बसून जा म्हटले तर कोंबड्या, मासे आणि सोवळे एका बाकावर कसे नांदणार? आत्या ऐकेना. नवा माल आगबोटीने यायचा होता. तोवर टाकीत असेल तेच पेट्रोल. टाकीचे तोंड असे वाकडे की काठी आत जात नव्हती. सांगू शकणारा एकच काटा, आणि तो म्हणत होता, भरली.

“मग निघू या,” आत्या म्हणाली. “तो एवढं सांगतोय तर.”

“तो खोटं सांगतोय, आत्या.”

“मग खोटं बोलणाऱ्याला फळीवर कशाला बसवलायस?”

मी बाह्या सरसावल्या. ज्याला हिशेब कळतो त्याला वीज कळायला हरकत नाही. बॅटरीतून वीज तारेने काट्याकडे येते, तिथून दुसऱ्या तारेने मागे टाकीत पेट्रोलबरोबर वरखाली होणाऱ्या तरंग्याकडे जाते आणि तिथून टाकीच्या, गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत. चूक कुठे आहे ते एकेक टप्पा वगळून पाहायचे. मी गाडीखाली गेलो, टाकीवरची तार सोडवली. बायकोला पुढे बसवून काटा पाहायला सांगितले. तार गाडीच्या चौकटीला टेकवली.

“अहो, रिकामी झाली!” बायको ओरडली.

“अगो बाई, सांडलं सगळं!” ओटीवरून आत्या.

“सांडलं नाही काही. काटा खाली आला. म्हणजे काटा चांगला आहे आणि तारही.”

“मग वाईट काय आहे? तू?”

राहता राहिला टाकीतला तरंगा. तो बाहेर काढण्यापूर्वी पेट्रोल खालच्या बुचातून डब्यात काढावे, म्हणजे मोजताही येईल. मी बुचाला पान्हा लावला. बूच हलेना. पान्ह्यावर हातोडी मारली, पान्हा सरकला आणि बुचावरून काळसर तांबूस कपचा उडाला. नखाने खरवडून पाहिले. बुचावर, बोल्टांवर, टाकी ज्या पट्ट्यांनी गाडीला लटकते त्या पट्ट्यांवर, सगळीकडे तोच कडक चकचकीत थर. वास ओळखीचा होता. आमच्याकडे पावसाआधी घराच्या वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल देतात. वाळले की ते लाखेसारखे होते. पाणी आत जात नाही. वीजही जात नाही. पेट्रोलच्या नळीत मी मागे रबरी तुकडा घातला होता, म्हणजे तीही वाट बंद. टाकी गाडीला लटकत होती, पण विजेच्या लेखी ती अधांतरी होती.

मी गाडीखालून नुसते डोके बाहेर काढले.

“आत्या, टाकी ओटीवर होती तेव्हा तिला तेल कुणी दिलं?”

“मी द्यायला सांगितलं. गडी वाशांना देत होता, थोडं उरलं. ओतून द्यायचं होतं?”

“पट्ट्यांनापण?”

“पट्ट्यांना, खिळ्यांना, सगळ्याला. दोन हात. लोखंड ना ते? खारा वारा आहे इथं. दाराच्या कड्या बघितल्यास काय झाल्यात त्या?”

“त्या तेलानं विजेची परत यायची वाट बंद झाली.”

“टाकी गंजली का?”

“नाही, पण—”

“मग?”

खरेच, अख्ख्या गाडीत न गंजलेला भाग तेवढाच होता.

बायकोने जुने उलथने दिले. त्याने मी पट्ट्यांची टोके आणि बोल्टांच्या बैठका लोखंड पांढरे दिसेपर्यंत खरवडल्या, शिवाय टाकीपासून चौकटीपर्यंत उघड्या तांब्याच्या तारेचा एक वेढा दिला. काटा ‘भरली’वरून उतरला, जरा डोलला आणि पाव आणि अर्ध्याच्या रेघांच्या मधोमध थांबला. गाडी हलवली तसा तोही हलला. पेट्रोल हिंदकळत होते आणि काट्याला ते कळत होते. असा आनंद मला आंब्याच्या चांगल्या भावानेही झालेला नाही.

मग मी हिशेब केला. टाकी आठ गॅलनची, उरले तीन. गॅलनला पंधरा मैल. राजापूर चाळीस मैलांच्या आसपास.

“आत्या, पोचू. पण परत येता येणार नाही. आगबोट येईपर्यंत थांबू या.”

आत्या उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही, तेव्हा मी घाबरलो.

“गंगा थांबणार आहे का? पुढच्या खेपेला मी असेन का? मला जायचंय. परत यायचं मी म्हटलंय का कधी?”

बायको हळूच म्हणाली, “अहो, पोचतोय ना? मग काढा.”

परतीचा रकाना कोरा ठेवून मी कधी कुठे निघालो नव्हतो. त्या दिवशी निघालो. उतारावर इंजिन बंद करत, चढावर देवाचे नाव घेत. आत्या पुढे बसली होती, तांब्या मांडीत. ती रस्त्याकडे पाहतच नव्हती, काट्याकडे पाहत होती. लांज्याला म्हणाली, “उतरला की रे मेला.” वाटूळला म्हणाली, “आता बोलू नकोस, त्याला धक्का लागेल.” राजापूरच्या उतारावर काटा शेवटच्या रेघेला टेकला आणि गाडी माझ्या एका गिऱ्हाइकाच्या अंगणात शिरता शिरता आचके देऊन थांबली. माझ्या हिशेबाने अजून थोडे उरायला हवे होते. काटा माझ्यापेक्षा बरोबर निघाला.

गंगा होती. आत्याने जवळच्या उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या, पाण्यात आधी अंग धुतले, मग एकेक कुंड घेतले. मी काठावर कोरडे लुगडे धरून उभा होतो. शेवटच्या कुंडातून वर आली तेव्हा थरथरत होती आणि हसत होती. मी विचारले, “झालं ना मनासारखं?” म्हणाली, “आज झालं. उद्याचं उद्या.”

पेट्रोल नव्हते, तेव्हा जाणार कुठे? यजमानांच्या पडवीत आम्ही मुक्काम ठोकला आणि आत्याने रोज स्नान केले. आगबोटीचा माल जैतापूर बंदरात उतरे, म्हणून मी रोज त्या वाटेकडे डोळे लावून बसे, ती रोज तांब्या घेऊन वर जाई. एके सकाळी ती लवकर परतली. कुंडे आटली होती. तोंडावर दुःख काही दिसेना. गंगा तिच्यादेखत गेली होती, एवढेच तिला पुरे होते. डबे घेऊन बैलगाडी आली ती त्याच दुपारी.

मी टाकी गळ्यापर्यंत भरली. काटा सरसर चढला आणि ‘भरली’ या रेघेवर जाऊन थांबला. मी अभिमानाने आत्याकडे पाहिले.

तिने वाकून तबकडी नीट न्याहाळली.

“आधीपण इथंच होता की रे हा,” ती म्हणाली. “मग माझं एवढं तेल खरवडलंस कशाला?”