कोळशाच्या रेघा

पंचाहत्तर साली मी रहिमतपूरहून पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला सायन्स शिकायला जायचो. स्टँडवर एक विधवा शेंगा विकायची. गाडीला धक्का मारावा लागला की ड्रायव्हर खेकसायचा, “हिचं पांढरं कपाळ दिसलं, मग दुसरं काय हुणार!”

आम्ही शिकलेले मुकाट धक्का मारायचो.

ती बाई एक महिना मुद्दाम गाडीसमोर बसली, दुसरा महिना पिंपळाआड. प्रत्येक धक्क्याला तिनं स्टँडच्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढली. मग एकदा भर स्टँडवर तिनं ड्रायव्हरला त्या भिंतीपुढं उभं केलं.

“मी म्होरं हुते तवा चार रेघा, आड हुते तवाबी चारच. दोन्ही महिनं गाडीवर तूच हुतास. आता अपशकुनी कोन, सांग की रं!”

दुसऱ्या दिवशी तिची शेंगांची पाटी थेट त्याच्या खिडकीखाली होती.