कालवं खावीत की नाही: पनवेल-गव्हाणची दोन दिवसांची फेरी

पनवेल हे मुक्कामाचं गाव नव्हे, असं सगळे पूर्वीपासून म्हणत आलेत. पुण्याला जाणारा तिथे चहा पितो, कोकणात जाणारा गाडी बदलतो. मी मात्र खास पनवेललाच गेलो होतो. कशासाठी, तर मुसलमानाने कालवं खावीत की नाही, हे विचारायला. हसा खुशाल. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

नवे पैसे नुकतेच आले होते आणि वाण्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे अजून आण्यांतच बोलत होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी बावीस वर्षांचा, मुंबईत बुकबाइंडिंगच्या दुकानात कामाला. जन्म गव्हाणचा, आगरी घरातला. बाप मिठागरात राबून लवकर गेला आणि आईने कालवं विकून मला वाढवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कालव म्हणजे खाडीतल्या खडकाला घट्ट चिकटलेला शिंपला. ओहोटीला चिखलातून खडकापर्यंत जायचं, छोट्या कोयत्याने शिंपला फोडायचा आणि आतला मऊ गर काढायचा. दोन-तीन तास वाकून बसलं की वाडगाभर मिळतो. बोटं चिरतात ती वेगळीच.

दुकानाचा मालक, आमचा उस्ताद, उत्तरेकडचा. एकटा माणूस. त्याच्या हाताखाली मी पुठ्ठा कापायला शिकलो, शिवण घालायला शिकलो, आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायलाही शिकलो. माझ्या धर्मात ये, असं तो कधीही म्हणाला नाही. उलट मीच मागे लागलो तेव्हा त्याने वर्षभर टोलवलं, आधी काम नीट शीक म्हणाला. शेवटी कलमा पढलो आणि नाव इस्माईल झालं. आई आठ दिवस रडली, मग निरोप आला की ये, पण मी बाल्याच म्हणणार. एवढ्यावर तिने भागवलं. अशी माझी आई.

खरी गंमत पुढेच. कलमा पढून वर्ष होत नाही तोच, मी कुठला हे जाणून घ्यायची ज्याला त्याला घाई. सुन्नी ना? मग हनफी की शाफई? अमक्याच्या मागे नमाज पढतोस की नाही? मला वाटलं होतं आपण एका घरात शिरलोय. आत गेल्यावर कळलं की ही तर चाळ आहे, आणि प्रत्येक खोलीवर वेगळी पाटी. मी उस्तादाच्या खोलीतला, म्हणजे हनफी. त्याच्याकडून शिकलो की पाण्यातला मासा तेवढा चालतो, शिंपल्यातलं काही नाही. मुंबईत ते पाळायला काय कष्ट? तिथे मला कालवं देतंय कोण?

मग सणाला घरी गेलो. आईने अख्खी ओहोटी खडकांवर काढून कालवांचं सुकं केलं होतं, वर तांदळाची भाकरी. मी ताट बघितलं, पुढे सरकवलं आणि उठलो. तोंडातून अक्षर काढलं नाही. काय सांगायचं, कसं सांगायचं, काही सुचेना. आमच्या घरचं पाणी नाकारणारी माणसं मी लहानपणापासून बघितली होती आणि तीही अशीच न बोलता उठत. आई खाली बघत म्हणाली, "आमच्या हातचा बाट लागतो काय रं तुला?" मी चपला घातल्या. गाढव होतो, दुसरं काय.

त्यानंतर दहा महिने तिचा निरोप नाही. लाँचवर गावचं कोणी भेटलं तरी तोंड फिरवायचं. अशात पनवेलचा एक लाकूडवाला दुकानात वह्या बांधायला आला. बोलता बोलता म्हणाला, आमच्याकडे कालवं सगळे खातात, आम्ही कोकणी मुसलमान शाफई ना. माझ्या हातातली सुई थांबली. दोन दिवसांची रजा मागितली. आईकडे जातोय एवढंच उस्तादाला सांगितलं, पनवेलचं गाळलं. ज्याने अलिफ-बे शिकवलं त्याच्या पाठीमागे दुसऱ्याला विचारायला निघालो, म्हणून मन खात होतं.

गव्हाणला जायची नेहमीची वाट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा आणि पुढे उरणहून एसटी. ती मी टाळली, गावकरी भेटतात. ठाणे, मुंब्रा, शिळफाटा अशी रस्त्याची एसटी धरली. तिकीट दोन रुपयांच्या आतबाहेर आणि वेळ तीन तासांच्या वर. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, तेवढा तुकडा फार देखणा होता. बाकी सगळी धूळ. आज तुम्ही समुद्रावरच्या पुलाने अर्ध्या तासात उलव्याला उतरता, तरी ट्रॅफिकच्या नावाने खडे फोडता! पनवेल स्टँडवर तेव्हा गरम कांदाभजी मिळायची आणि सोबत बशीतून पिण्याइतका कढत चहा. पुढे बैलगाड्यांची चाकं करणाऱ्या सुतारांची ओळ होती. रंधा मारल्याचा तो वास अजून नाकात आहे.

लाकूडवाल्याने मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांचा पत्ता दिला होता. असरला, म्हणजे दुपारच्या शेवटच्या नमाजाला, मशिदीत गाठ पडेल म्हणून मी अगदी घड्याळ लावून पोचलो. मशीद रिकामी. एक म्हातारे गृहस्थ चटया गुंडाळत होते. मी म्हटलं, जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, किती वाजता? ते म्हणाले, झाली की तासापूर्वी. आमच्याकडे असर लवकर, मुंबईवाले नेहमी असेच फसतात. हेच मौलवीसाहेब. मी एकटा नमाज पढलो आणि ते खांबाला टेकून बघत राहिले. संध्याकाळच्या नमाजात तर मी दचकलोच. रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना सगळ्यांचे हात वर, आणि "आमीन" म्हणाले ते इतक्या मोठ्याने की छपरावरची कबुतरं उडाली. माझे हात जागच्या जागी, आमीन मनातल्या मनात. वाटलं, आता कोणीतरी हटकणार. कोणी ढुंकूनही बघितलं नाही. शेजारच्या माणसाने उलट सरकून मला चटईवर नीट जागा करून दिली.

जेवायला मौलवीसाहेब घरीच घेऊन गेले. त्यांच्या बीबीला मी चाची म्हणालो, तेवढ्यावर त्या खूश. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि वर आग्रह. भाकरी थेट आईच्यासारखी, कडेला जरा जाड. दोन घास खाल्ले आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं, ताटावरून उठलो ते सुद्धा.

मौलवीसाहेबांनी हात धुतले आणि शांतपणे सांगितलं की शाफईत कालवं जायज, हनफीत नाहीत, दोन्ही मोठ्या आलिमांचं, धर्मपंडितांचं, म्हणणं, त्यात खोटं कोणी नाही. मी लगेच म्हटलं, मग मी आजपासून शाफई होतो.

"हो ना," ते म्हणाले. "पण मग असर आमच्या वेळेला, हात आमच्यासारखे, नमाजाआधी हातपाय धुवायचा वुजूही आमचा. सगळं घे. जेवणापुरता शाफई होऊ नकोस, बेटा. आणि उस्तादाला तोंडावर सांग."

चाची आतून म्हणाल्या, "नियमाचा मसला राहू द्या हो. आईला सांगितलं का ह्याने, की तिच्या हातात काही खोट नव्हती म्हणून?"

नव्हतं सांगितलं. दहा महिन्यांत मी कलमांपासून वुजूपर्यंत सगळं पाठ केलं होतं, आणि हे एक वाक्य माझ्याच्याने बोलवलं नव्हतं. चाचींनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उरण गाडीने गव्हाण फाट्याला उतरलो. सहा आणे घेतले असतील. तिथून पायी. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, उन्हात डोळे दिपतात. वाटेत ठरवून टाकलं की आईच्या घरी जायचं, कालवं मागून खायची, आणि मुंबईत जाऊन उस्तादाला सांगायचं, मी शाफई झालो. त्याला काय वाटेल याचा विचार आला की पाय जड व्हायचे. आईचा आला की भरभर चालायचो.

ओहोटी होती. आई खडकांवरच सापडली, लुगड्याचा काचा मारून. मला बघून ती उठली नाही. मी चिखलातून तसाच गेलो, बूट भरले. तिच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हटलं, आई, तुझ्या हाताचं काही नव्हतं. मला त्या कालवांचं सांगितलं होतं, तुझं नाही. तुझ्या हातचं मी जन्मभर खाईन.

कोयता थांबला. "ह्ये त्या दिसाला का नाय बोललास?"

मी म्हटलं, अक्कल नव्हती. ती म्हणाली, ते खरं. मग मी पनवेलचं सगळं सांगितलं, आता मला कालवं चालतील, घरी चल आणि कर, मी खातो. त्यावर ती म्हणाली की घरात होत नाहीत. उरणच्या बाजारात विकते, पण स्वतः त्या दिवसापासून सोडली. काशीला जाऊन लोक आवडती वस्तू सोडतात तशी. पोराच्या तोंडात जात नाही ते तिच्याही घशाखाली उतरेना.

मला रडू आलं. बावीस वर्षांचा घोडा, खडकावर बसून रडलो. आईने रडू दिलं, मग पदराने हात पुसले आणि नीट चौकशी सुरू केली. पनवेलवाले खातात? हो. उस्ताद नाय खात? नाही. तुला शिकवला कोनी? उस्तादाने. तो कालवं नाय खात म्हनून तू नाय खाल्लास? हो.

"मंग त्याचाच ऱ्हा," आई म्हणाली. "येकदा घर सोडलास तवरा पुरं. ज्याच्या हाताखाली शिकलास त्याला नको सोडू. मी तुला बोंबील घालीन, निवट्या घालीन. मासं काय कमी हायत खाडीत?"

दुपारी तिच्या हातच्या भाकऱ्या आणि बोंबील खाल्ले, मोजले नाहीत. दर भाकरीला ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

परत येताना मात्र नेहमीची वाट धरली. उरण, मोरा, लाँच. गावचे दोघे भेटले आणि मी त्यांच्याशी भाऊच्या धक्क्यापर्यंत गप्पा मारल्या. ज्यांना ही फेरी करायची आहे त्यांनी भरतीची वेळ विचारून निघावं. ओहोटीला मोऱ्याला लाँच लांब उभी राहते आणि होडीतून चढताना म्हाताऱ्यांचे हाल होतात. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण पुढच्याच महिन्यात त्याच वाटेने उस्तादाला घेऊन गेलो.

झालं असं, की दुकानात शिरल्या शिरल्या मी त्याला सगळं सांगून टाकलं, पनवेलला त्याच्या नकळत गेलो ते पहिलं. वाटलं, चिडेल. त्याने हातातल्या पुठ्ठ्याच्या कडा घासून पुऱ्या केल्या. मग म्हणाला, त्या बाईवर कालवं कोणी हराम केली? तिने का सोडावीत? मला तिच्याकडे घेऊन चल.

लाँचमध्ये त्याला दोनदा ओकारी झाली. आमच्या ओसरीवर बसून त्याने आईला, तिला न कळणाऱ्या हिंदीत, हात जोडून सांगितलं की तुम्ही खा. मी आगरीत सांगितलं. आईने मला डोळ्यांनीच विचारलं, मी मान हलवली. मग तिने चुलीवर कालवं चढवली. आम्हा दोघांना बोंबील वाढले आणि स्वतः थोड्या अंतरावर, आमच्याकडे पाठ करून, वर्षभराने कालवं खाल्ली. उस्ताद तिच्या भाकरीची तारीफ करत होता आणि ती मान न वळवता हसत होती.

उस्ताद गेला, आई गेली. मी नव्वदीला टेकलोय. पनवेलची ती मशीद मला आवडते, कधी गेलो की हात वर करणाऱ्यांच्या रांगेत माझे हात खाली ठेवून उभा राहतो आणि अजूनही कोणी हटकत नाही. कोणी विचारलंच, की कुठले, तर हनफी म्हणतो. कोणाच्या सांगण्यावरून, असंही काही चिकित्सक विचारतात, त्यांना एखाद्या मोठ्या आलिमाचं नाव हवं असतं. मी आईचं नाव सांगतो. ती शेवटपर्यंत गावच्या देवीला नारळ फोडत होती.