पंचामृतानं न्हालेली बंदूक

साताऱ्यात माझं बंदूक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. बांगलादेशची लढाई संपून वर्ष होत आलं होतं. दसरा तोंडावर आला असताना रहिमतपूरकडचे एक आबा पोत्यात गुंडाळलेली दुनळी बंदूक घेऊन दुकानात आले. मागं त्यांचा मुलगा. तो लढाईतून जिवंत परतला होता, पण उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच राहिली होती.

"मिस्त्री, हिला जरा नवरीवानी नटवा," आबा म्हणाले. "यंदा शिवंवर बार ह्यो काढणार."

त्यांच्या गावात दसऱ्याला सगळे शिवेवर जातात. तिथं याच घरातली बंदूक उडाली की मग लोक आपट्याची पानं लुटतात. तो मान आजवर आबांचा. पण पोरगा परत आल्यापासून गाव त्याच्याकडं कीव करत बघत होतं, आणि ते आबांना सोसत नव्हतं. सगळ्यांदेखत त्यानं बार काढला की लोकांची तोंडं आपोआप बंद होतील, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

बंदूक विलायती, आबांच्या आजोबांच्या वेळची. तिच्या नळ्या दमास्कस म्हणतात त्या जातीच्या. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळायच्या, त्यांची पट्टी करून दांड्याभोवती गुंडाळायची आणि तापवून, ठोकून एकजीव करायची. त्यामुळं नळीच्या अंगावर बारीक वळणांची सुंदर नक्षी येते. इथं मात्र घरातल्या बायकांनी चिंच आणि राखेनं घासून घासून बंदुकीचा पार तांब्या करून टाकला होता. नक्षी परत उठवायला मला अडचण नव्हती. हलकं ॲसिड फिरवलं की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात. पण त्याआधी मी नळ्या सुतळीला टांगल्या आणि हातोडीच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकून पाहिलं. धड नळ्या घंटेसारख्या वाजतात. या बद्द वाजल्या.

दोन नळ्यांना जोडणारी पट्टी ढिली झाली होती. ती उचलली तर खाली गंजाचा थर, आणि त्या थरात काहीतरी चिकट, आंबूस वासाचं.

"आबा, हिला काय पाजता काय?"

"पाजतोय कशाला? दसऱ्याला पूजा आस्ती. दूध, दही, तूप, मध, साखर. देवाला घालतो तशीच आंगूळ घालतो. आमच्या बापजाद्यापास्नं हाय."

माझं डोकंच फिरलं. "बंदुकीला पंचामृत? आवं, पुसून तेल लावलं असतंत तर ही जास्त पावली असती!"

आबांचा चेहरा उतरला. पोरगा खाली मान घालून हसला.

मी नळ्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या, मग कोरड्या पुसल्या आणि वरून खडूची पूड चोळली. भेग असली तर आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पुडीवर ओली रेघ उमटते. नेम धरताना डावा पंजा जिथं येतो, बरोबर तिथंच डाव्या नळीवर रेघ उमटली. केसाएवढी.

खरं सांगायचं तर माझी खात्री नव्हती. असल्या नळीत गुंडाळलेल्या पट्टीच्या सांध्याचीही अशीच रेघ दिसते. सांधा असेल तर बंदूक आबांच्या नातवालाही पुरली असती. त्यात आबांनी सांगलीच्या दुकानातून आणलेली काडतुसं नव्या, जोरकस दारूची. या नळ्या जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या. पोराचा धड राहिलेला एकच हात त्या रेघेवर येणार होता. मी सरळ सांगून टाकलं, ही उडवू नका.

"माज्या बानं उडीवली, मी उडीवली, कवा काय झालं न्हाई," आबा कडाडले. "पोराच्या टायमालाच बरी तुमाला रेघ दिसली!"

ते मला लागलं. शेवटी बंदूक बांधून, लांबून उडवून बघायची, यावर ते कसेबसे तयार झाले.

मी दोन नळ्यांमधली पट्टी डाख देऊन परत बसवली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या गावी गेलो. त्या साली पावसानं दगा दिला होता, ओढा कोरडा ठणठणीत. ओढ्यात ट्रॅक्टरच्या जुन्या टायरला बंदूक आवळली, डाव्या नळीच्या चापाला लांब दोरी बांधली आणि तिघं बांधाआड बसलो. मी दोरी ओढली. बार उडाला, बाभळीतले होले फडफडून उठले. नळीला काही झालं नव्हतं. दुसरा बार काढला. तरी काही नाही.

"बगा!" आबा उठलेच. "उगं जीव टांगणीला लावलासा." त्यांनी भराभरा दोर सोडले आणि बंदूक पोराच्या हातात दिली. "घे. लाव खांद्याला."

"थांबा, एकदा खडू लावू द्या," मी म्हणालो.

"आता खडूबिडू काय न्हाई!"

पोरगा फौजी, बापाचा शब्द म्हणजे हुकूम. त्यानं काडतूस भरलं, बंदूक खांद्याला लावली आणि उरलेल्या बोटानं चाप चाचपला. डावा पंजा नळीवर ठेवला.

मला आबांचा भयंकर राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. मी पुढं झालो, त्याचा पंजा नळीवरून उचकटला आणि तिथं माझा ठेवला. नळी अजून गरम होती.

"उडीव आता," मी म्हणालो. "आबांची खात्री हाय न्हवं? मग आबांनीच सांगावं."

त्यानं खरंच चाप ओढला तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आबांकडं. आबांचे ओठ हलले, पण "उडीव" म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

पोरानं बंदूक हळूच खाली घेतली आणि स्वतःच परत टायरला बांधली. उजव्या हाताच्या तीन बोटांनी गाठ मारायला त्याला वेळ लागला, आम्ही कुणी मदतीला गेलो नाही. या खेपेला दोरी आबांनी ओढली.

आवाज निराळाच आला, फाटका. धुरळा बसल्यावर दिसलं, डावी नळी वीतभर उकलली होती. कडा बाहेर वळल्या होत्या आणि टायरचा लचका उडाला होता.

मी बंदुकीकडं गेलो. आबा आले नाहीत. ते बांधावर बसले होते. पोराचा डावा हात मांडीवर घेऊन त्यांनी पंजा उलटा केला, सुलटा केला आणि एकेक बोट उलगडून बघायला लागले. पोरगा अवघडून गेला.

"आबा, हाय की समदा हात," तो म्हणाला. "सोडा आता."

आबांनी सोडला नाही.