मारोतीभाऊंची पावसाळी वाट

फोन दुपारी आला. वर्ग चालू होता, म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा मारोतीभाऊंचा पुतण्या बोलला, “सर, काका गेले. गाडी नाल्याच्या त्या अंगाले उभी होती, आमी या अंगाले.” कोणता नाला, हे मला विचारावं लागलं नाही. तो रस्ता नकाशावर मीच टाकला होता.

मारोती टेकाम झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम आदिवासी पोडावरचे. पोड म्हणजे जंगलातली वीस-पंचवीस घरांची वस्ती. मी दारव्ह्याचा, त्या पोडावरच्या शाळेवर मास्तर म्हणून गेलो. मोबाइलच्या नकाशात ते पोड नव्हतंच, नुसता हिरवा डाग. हा नकाशा लोकांनीच भरायचा, कोणीही रस्ता, विहीर, शाळा टाकावी, हे कळलं आणि मी हुरळलो. मारोतीभाऊ पुढे चालायचे, मी मागून मोबाइल धरून. मी जरा मागे पडलो की थांबून म्हणायचे, “मोबाइलले इचारा ना सर, आता कुठं वळाचं ते.” आणि हसायचे. त्यांच्याइतका जीव मला त्या मुलखात कोणी लावला नाही. पुढे माझी बदली झाली.

त्या पोडाला दोन वाटा. उन्हाळ्यात कोरड्या नाल्यातून सरळ, पावसाळ्यात टेकडीला वळसा घालून. आम्ही फिरलो मे महिन्यात. सरळ वाटेनं जीप धुरळा उडवत जात होत्या, मी तीच टाकली. भाऊ म्हणाले, “आन् पावसाळी वाट?”

“एका पोडाले दोन रस्ते कायले, भाऊ? गाडीवाला चकरावते.”

“तुमी शिकलेले,” एवढंच भाऊ बोलले. मला वाटलं, पटलं त्यांना. काय अक्कल म्हणायची माझी...

यंदा श्रावणात त्यांच्या छातीत कळ आली. पोडावर रेंज नाही. पुतण्यानं टेकडीवर चढून रुग्णवाहिका बोलावली आणि तो काकांकडे धावला. ड्रायव्हर नवा, बाहेरगावचा. मोबाइल सांगेल तसा आला आणि पुरापाशी थांबला. इकडून पोरांनी भाऊंना खाटेवर घालून आणलं. गाडी दिसत होती, मध्ये पाणी. ती मागे फिरून टेकडीकडून येईपर्यंत... मी भेटायला गेलो तेव्हा कोणी मला बोल लावला नाही. त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, चहा दिला.

परवा रस्ता दुरुस्त करायला नकाशा उघडला. तालुक्यात सर्वांत जास्त भर माझी, म्हणून तिथला बदल कोणी सुचवला की मंजुरीसाठी माझ्याकडे येतो. ती यादी मी कधीची पाहिलीच नव्हती. तिच्यात एक सूचना दोन पावसाळे पडून होती. मारोतीभाऊंनी टेकडीची वाट स्वतः चालून मोबाइलवर नोंदवली होती, आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये येऊन पाठवली होती. खाली लिहिलं होतं, ‘सर, पावसाळ्यात हेच. पाहून घ्या.’

मी मंजूर केलं. आता भर पावसातही कोणतीही गाडी थेट त्यांच्या दारापर्यंत जाते.