तिसऱ्या खाटेवरचा भोपळा

ज्ञानेश गोरिवले गुहागर तालुक्यातला. परांची बांधण्यात त्याचा हात धरणारा कामगारांच्या कॅम्पात कोणी नव्हता, पण खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. २००६ साली तो सौदीत, अल-खोबरच्या बाहेर, कंपनीच्या पत्र्याच्या खोलीत दापोलीच्या कादिरबरोबर राहत होता. खोलीत तीन खाटा. तिसरीवरचा माणूस जेद्दाच्या साइटवर गेल्यामुळे ती रिकामी होती.

दोन वर्षं ज्ञानेश दुधी लावायचा प्रयत्न करत होता. पहिल्या वर्षी डिसेंबरात बाहेर बी टाकलं, ते थंडीनं उगवलंच नाही. दुसऱ्या वर्षी मार्चअखेर टाकलं. चार पानं आली आणि उन्हानं करपली. म्हणून या खेपेला त्यानं ठरवलं, ऐन जानेवारीत खोलीतच रोपं करायची आणि थंडी ओसरली की बाहेर न्यायची.

बायकोनं, शेवंतानं, पाठवलेलं बी त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि तसाच तीन दिवस कामावर गेला. मोड आल्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांत माती घालून एकेक बी लावलं. हीटरची ऊब तिसऱ्या खाटेवर बरोबर येत होती. डबे तिथे मांडून त्यानं वरून खुर्ची आडवी ठेवली आणि तिच्यावर ब्लँकेट पांघरलं.

दोन दिवसांनी कॅम्पचा मुकादम बदरुद्दीन वही घेऊन आला. मल्याळी माणूस, हिंदी जेमतेम.

"ये बेड खाली है? नया आदमी आता है."

"खाली नहीं," कादिर म्हणाला.

"कौन है?"

कादिरनं ज्ञानेशकडे पाहिलं. ज्ञानेशला खोटं सुचेना. तो म्हणाला, "दुधी भोपळा."

बदरुद्दीननं लिहून घेतलं. मग ब्लँकेटच्या उंचवट्याकडे बघून आवाज खाली आणला. "सोता है?"

"अभी निकला नहीं," ज्ञानेश म्हणाला. तेही खरंच होतं.

"नाइट ड्यूटी," बदरुद्दीन समजून म्हणाला आणि दार हळूच लावून गेला.

त्या दिवसापासून मेसमधून तीन ताटं येऊ लागली. तिसरं कादिर जेवायचा. मग भोपळ्याच्या नावानं हेल्मेट आलं, आठ नंबरचे बूट आले. ज्ञानेशनं बूट खाटेखाली नीट जोडून ठेवले, कारण वस्तू दुसऱ्याची होती. पाचव्या दिवशी सहा डब्यांतून कोंब वर आले. त्याच दिवशी नोटीस आली : डी. भोपळा सुरक्षेच्या वर्गाला तीनदा गैरहजर, खुलासा करावा.

ज्ञानेशनं नोटीस घडी करून खिशात घातली.

"मी सांगून टाकतो," तो म्हणाला.

"काय सांगशील, ग्यानू? तो झाड हाय म्हणून?"

"हो."

त्यानं एक डबा उचलला आणि ऑफिसात जाऊन बदरुद्दीनच्या टेबलावर ठेवला. "ये है भोपळा. पेड़ है."

बदरुद्दीननं डब्याकडे पाहिलं आणि वही उघडली. चिडला नाही. फक्त थकल्यासारखा दिसला. "नाम लिखा है," तो म्हणाला. "नाम काटने को फॉर्म चाहिए. फॉर्म पे अंगूठा चाहिए."

"इसको अंगूठा नहीं."

"कुछ तो होगा."

कोंबाला दोन जाड पानं होती. बदरुद्दीननं शाईचा पॅड पुढे सरकवला. ज्ञानेशनं डबा तिरका धरला आणि एक पान हळूच शाईवर टेकवून कागदावर दाबलं. लांबट, शिरांचा ठसा उमटला. बदरुद्दीननं तो उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "दायाँ है कि बायाँ?"

ज्ञानेशनं नीट विचार केला. "सामने से दायाँ."

"खलास," म्हणत बदरुद्दीननं शिक्का मारला. मग ओल्या बोळ्यानं त्यानं स्वतःच ते पान पुसून दिलं. "एक महीना रहने दो. नये आदमी को दूसरा रूम देता है. बाहर ठंडी है."

फेब्रुवारीच्या शेवटी रोपं मेसच्या मागच्या भिंतीशी गेली. ज्ञानेशनं जुन्या पाइपांचा मांडव केला, अगदी परांचीच्या नियमाप्रमाणे, आडवे-तिरपे आधार देऊन. मे महिन्यापर्यंत अकरा दुधी निघाले. पहिला त्यानं बदरुद्दीनला दिला. तो म्हणाला, "ये तो अपना केरल का चुरक्का है," आणि घरचं कोणी भेटल्यासारखा तो काखेत घेऊन गेला.

शुक्रवारी ज्ञानेशनं घरी फोन लावला.

"अकरा आले," तो म्हणाला.

"अवो, हितं कुंपणावर लोंबतायत," शेवंता म्हणाली. "फुकट दिले तरी कोण नेत नाय."

"असूदे," ज्ञानेश म्हणाला. "पडवळाचं बी हाय काय घरात?"