सामाईक इंजिनातला मोडका बोल्ट

आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा बोल्ट कोणी मोडला, यावर माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं कधीच एकमत झालं नाही. दादा म्हणायचे मी मोडला, कारण माझा हात जड. मी म्हणायचो त्यांनी, कारण शेवटी पाना त्यांच्याच हातात होता. खरं तर तेव्हा नुकतीच वाटणी झाली होती आणि दोघंही एकमेकांवर गुरकावत काम करत होतो. इंजिनाच्या केसवर झाकण बसवताना बोल्टाचं डोकं तुटून हातात आलं, बाकीचा बोल्ट आतच राहिला. तिथून ऑइल गळायला लागलं आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच.

पुढं आम्ही आपापले सोलर पंप घेतले. विहीर सामाईक राहिली, पण पाण्याच्या पाळ्या संपल्या आणि पाळ्यांबरोबर भांडणंही. आमच्या घरात कामाशिवाय बोलायची रीत नाही. दादा बांधाच्या पलीकडं, मी अलीकडं. समोर आलो की मान हलवायची आणि पुढं जायचं. पाळीवरून तावातावानं भांडत होतो तेच बरं होतं, असं मला कितीदा तरी वाटलं. बोललो मात्र नाही.

यंदा हिवाळ्यात आभाळ सारखं भरून यायला लागलं. उन्हाविना पंप चालेनात आणि हरभरा तर पाण्याला आलेला. एका संध्याकाळी दादा आपणहून बांध ओलांडून आले, इंजिनावरची ताडपत्री ओढली आणि म्हणाले, तो बोल्ट निघतो का बघू. मी हातातलं काम टाकून उठलो. मला झालेला आनंद दिसू नये म्हणून उगाच कपाळाला आठ्या घातल्या.

बोल्ट गंजून आट्यांमध्ये घट्ट रुतला होता. पाना बसावा एवढाही तो वर नव्हता. केस बिडाची, जोर केला तर तडकायची. मग रोज त्यावर डिझेल सोडायचं, कडेला छन्नी तिरकी लावायची आणि उलट्या बाजूनं हळूहळू ठोकायचं. बोल्ट जागचा हलायचा नाही. दमलो की आम्ही विहिरीच्या कठड्यावर बसायचो. दादा वहिनींच्या गुडघ्यांचं सांगायचे, मी माझ्या पोरीच्या शाळेचं. हे इंजिन आणलं तेव्हा वडिलांनी त्याला नारळ फोडला आणि त्या गडबडीत डिझेल घालायचंच विसरले, ही गोष्ट आम्ही एकमेकांना दोनदा सांगितली आणि दोन्ही वेळा हसलो.

पण स्वभाव कुठं जातो. थोड्याच दिवसांत मी मनात नसतानाही म्हणून गेलो की कळंबहून वेल्डिंगवाला आणू, तुकड्यावर नट चिकटवला की तो लगेच फिरवून काढेल.

"लई घाई हाय का तुला?" दादा म्हणाले. "मुरू दे की तेल."

घाई मला मुळीच नव्हती. उलट त्यानंतर मी हातोडी जरा हलकीच मारायला लागलो.

तरीही एका संध्याकाळी माझ्याच छन्नीखाली बोल्ट हलला आणि थोडा वर आला. मी हात थांबवला, पण दादांनी बघितलं होतं. त्यांनी पक्कड लावली आणि तो तुकडा सावकाश फिरवत बाहेर काढला. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी नवा बोल्ट बसवला, ऑइल भरलं. मी हँडल मारलं. इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि चालू झालं. पाटात पाणी पडलं. त्या आवाजात दादांना मोठ्यानं बोलावं लागलं.

"आमी चाललो पोराकडं, संभाजीनगरला. रान बटईनं दिलंय, अर्ध्या वाट्यानं. तुझ्या वहिनीला आता हितलं काम झेपंना." मग त्यांनी इंजिनाकडं हात केला. "ढगात तुझं अडायचं न्हाय आता. एवढं करून जायचं हुतं."

मी नुसतं "व्हय" म्हणालो आणि पाण्याची दारं धरायच्या निमित्तानं रानात निघून गेलो. मला वाटलं होतं, दादा बांध ओलांडून परत आले. ते निरोप घ्यायला आले होते. वेल्डिंगवाला का नको म्हणाले, तेही मला तेव्हा कळलं; जायच्या आधीच्या त्या संध्याकाळी त्यांनाही लांबवायच्या होत्या. इतकी वर्षं ते इंजिन ताडपत्रीखाली तिथंच पडून होतं. ताडपत्री काढायला मलाही कोणी अडवलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

परवा पुन्हा आभाळ आलं. मी विहिरीवर गेलो, हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच दमात चालू झालं. झाकणाभोवती हात फिरवून बघितला, ऑइलचा थेंब नाही. कुठं काही अडलं असतं, तर दादांना फोन करून विचारता आलं असतं.