सीट काढलेली गाडी

तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे. लिहिण्याचा एवढा तरी फायदा असावा.

मला मोटरसायकल शिकायची होती ती एकाच कामासाठी. माझी आई सिल्लोडच्या पुढं एका वस्तीवर एकटी राहते. भाऊ-भावजय दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. आईचा गुडघा गेलाय. चालणं अंगणापुरतं उरलंय. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून वस्तीपर्यंत कच्ची वाट. वाटेत एक नाला आहे, रांजणाएवढ्या दगडांनी भरलेला. चारचाकी असो की टेम्पो, त्या नाल्यापाशी सगळ्यांची मिजास उतरते. मोटरसायकल तेवढी पलीकडे जाते, तीही चालवणारा पक्का असेल तर.

नवरा पक्का आहे. पण आमच्यात सासू जावयाच्या मागं गाडीवर बसत नाही. बसली म्हणून आभाळ कोसळणार नाही, हे मला कळतं, आईला कोण सांगणार? म्हणजे भाऊ परत येईपर्यंत तिनं कळ काढायची. मी शहरात, उस्मानपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर बसते. दवाखाना गुरुवारी बंद असतो, रविवारी अर्धा दिवस. एखाद्या गुरुवारी उठावं, कुणाला न विचारता निघावं आणि आईला मागं बसवून सिल्लोडच्या डॉक्टरकडं न्यावं, एवढंच माझ्या मनात होतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं आणि घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

त्याला ट्रायल्सचं वेड आहे. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगडांवरून, घळीतून गाडी सावकाश न्यायची आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की गुण गेला. तो वाळूजच्या एका कंपनीत टूलरूमला आहे. तिथली चार मित्रमंडळी दर रविवारी शहराच्या कडेला सातारा परिसरामागच्या डोंगरात जुन्या गाड्या घेऊन हा उद्योग करतात. तो म्हणाला, "नाल्याची भीती वाटती ना तुला? मग ट्रायल्सच शीक. दगड जमले की डांबरावर झोपेत चालवशील." बोलणं पटण्यासारखं होतं. त्यानं एक जुनी शंभर सीसीची गाडी आणली. गाडी शंभर किलोच्या वर, मी पन्नासच्या आत.

थोड्याच दिवसांत ती माझ्या अंगावर पडली. एका बसक्या दगडावर पुढचं चाक चढलं, मी घाबरून क्लच सोडला आणि आम्ही दोघी आडव्या झालो. उजवा पाय गाडीखाली अडकला. हलवायला गेले की पोटरीला सायलेन्सर भाजायचा. नवरा वरच्या कातळावर उभा राहून "क्लच! क्लच!" ओरडत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी आडवं पडून दिसलं. मग तो धावत आला, त्यानं गाडी उचलली, मला उचललं, माझ्या पोटरीवर पाणी ओतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर माझं काम सोपं होतं.

"जड आहे तुला," तो म्हणाला. "आता बघच, हिला फुलासारखी करतो."

त्या दिवसापासून आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांसमोरच्या बोळात गाडीचं वजन उतरायला लागलं. आधी साडी गार्ड आणि साइड पॅनल गेलं. मग मधला स्टँड, साखळीचं कव्हर, पत्र्याचं मडगार्ड. तिथवर माझी ना नव्हती. मग मागच्या माणसाचे पाय ठेवायचे रॉड गेले. मी म्हणाले, "अहो, आई पाय कुठं ठेवणार?" तर म्हणाला, "आधी तू तर शीक. लावू की नंतर." मग बॅटरी, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न. पेट्रोलची टाकी काढून त्यानं कंपनीतल्या मित्राकडून ॲल्युमिनियमची लहानशी टाकी करून आणली, ताक न्यायच्या बरणीएवढी. आणि एका रविवारी मी दुपारी घरी आले तर सीट नव्हती.

"ट्रायल्समध्ये बसत नसतेत," तो म्हणाला. "उभ्यानंच चालवायची असती."

दिवसभर दवाखान्यात उठबस, घरी आल्यावर ओट्याशी उभी, आता गाडीवरही उभीच. मी हसले. काय करणार? शेजारच्या वहिनी म्हणत होत्या, "नशीब काढलंस बाई, आमचे तर सायकलला हवा भरत नाहीत." त्याचे मित्र येऊन गाडी एका हातानं हलवून बघत आणि त्याची पाठ थोपटत. सगळ्या कौतुकात माझी बोलायची सोयच राहिली नव्हती. माझ्यासाठीच चाललेल्या गोष्टीला मी नको कशी म्हणणार होते?

काढलेले भाग गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्या चाचांच्या काट्यावर जायचे. किती किलो कमी झालं ते तिथं कळायचं आणि माल तिथंच राहायचा. चाचा म्हणायचे, "क्या मियाँ, गाडी को रोजे पे बिठाए क्या?" सीट मात्र त्यांनी विकायला काढली नाही. दोन विटांवर ठेवून काट्याशेजारी स्वतः त्यावर बसायला लागले. रोज दवाखान्यात जाता-येता मला ती दिसायची.

गाडी खरंच हलकी झाली आणि मला खरंच जमायला लागलं. उभी राहून, गुडघे सैल सोडून, मी दगडावर चाक चढवायची आणि पाय न टेकता पलीकडे उतरायची. मला होणारा आनंद खोटा नव्हता. पण या गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबरप्लेट नाही. रस्त्यावर आणायची म्हटली तर पहिल्याच चौकात पोलीस बाजूला घेणार. डोंगरात न्यायची तर तिला टेम्पोत चढवायचं, टेम्पो नवऱ्याच्या मित्राचा, आणि तो रिकामा कधी, तर रविवारी. आधी गाडी आईकडे जाऊ शकत होती, पण मला चालवता येत नव्हती. आता मला चालवता येत होती आणि गाडी घराबाहेर पडू शकत नव्हती. रात्री बोळातून आत येताना ती भिंतीला टेकलेली दिसायची. आणि अजून एक. इतके महिने झाले, गाडी किती वेळा पडली, पण एकदाही मी ती उचलली नव्हती. मी हात लावायच्या आत तो धावत यायचा.

शेवटी तोच म्हणाला, "चल, तुझा नाला करून टाकू." मी रविवारची रजा काढली. आईला फोनवर सांगितलं, गाडी घेऊन येते. फार दिवसांनी मला बरं वाटत होतं.

नाल्यापाशी टेम्पोतून गाडी उतरवली. नवरा आणि टेम्पोवाला मित्र मोबाइल घेऊन दगडांवर उभे राहिले. मी निघाले. तो नाला मी लहानपणी करडं काखेत घेऊन ओलांडला आहे. कुठला दगड डुगडुगतो ते माझ्या पायांना अजून आठवत होतं. मी एकदाही पाय टेकवला नाही. मागून टाळ्या आल्या. पलीकडच्या काठावर चढले आणि समोर आई दिसली.

ती बाभळीखाली काठी धरून उभी होती. ठेवणीतलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी बुक्का, पायात चपला, काखेत गाठोडं. अंगणाबाहेर न पडणारी बाई तिथवर कशी आली असेल ते तिचं तिला माहीत. मी गाडी घेऊन येते म्हणाले होते, म्हणून ती दवाखान्यात जायला तयार होऊन आली होती.

मी तिच्याकडे बघत राहिले, तेवढ्यात गाडी हातातून सुटली आणि पडली. नवरा नाल्यातून उड्या मारत धावत आला. आई म्हणाली, "जावईबापू, थांबा. तिचं तिला उचलू द्या."

तो थांबला. मी वाकले, हँडल धरलं आणि गाडी उचलली. उचलली गेली.

आमच्यात बिऱ्हाड हलवायचं असलं की माणसं मेंढरं घेऊन पुढं जातात आणि घोडं लादतात त्या बायका. काय चढवायचं, काय टाकून जायचं, हे बाई ठरवते. आईनं उभ्या आयुष्यात अशी कितीतरी घोडी लादली आहेत. तिनं गाडीभोवती काठी टेकत एक फेरी मारली. मागच्या उघड्या दांड्यांवर हात फिरवला.

"आन मी कुठं बसू?" ती म्हणाली.

"ह्याच्यावर बसत नसतेत, मामी," नवरा म्हणाला. "हिला झेपावी म्हणून लई हलकी केलीय." बोलता बोलता त्याचं लक्ष तिच्या काखेतल्या गाठोड्याकडं गेलं. मग म्हणाला, "मी पाठीवर घेऊन नाला पार करतो तुम्हाला. टेम्पो हाय पलीकडं."

"जावयाच्या पाठीवर? नगं बापा. मेल्यावर खांदा द्या." ती हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढच्या येळी बसायची गाडी घिऊन ये."

मी तिला धरून घरी पोचवलं. गाठोडं खुंटीला अडकवलं. चपला तिनं स्वतः काढून कोपऱ्यात सरळ ठेवल्या.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मी दोघांच्या मध्ये बसले होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, पण मध्ये बसून दोन्ही करायला जागा नव्हती. फुलंब्रीच्या पुढं नवरा म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं मी सगळं."

"माहितीय," मी म्हणाले. "पण मी काय मागितलं होतं?"

गल्लीच्या तोंडाशी मी टेम्पो थांबवायला सांगितला. चाचा काट्याशेजारी बसून चहा पीत होते. मी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"चाचा, उठो जरा."

"क्यों बेटा, क्या हुआ?"

"सीट मेरी है."

ते चहाचा ग्लास सांभाळत उठले, हातानं सीटवरची धूळ झटकली. मागून नवरा टेम्पोतून उतरला आणि सवयीनं धावत आला.

"दे इकडं," तो म्हणाला. "जड असती ती."

मी सीट उचलून कडेवर घेतली.

"असू द्या जड," मी म्हणाले.